ऑइलचा दिवा लागला, मीटरचा काटा पडला? इंजिन खोलण्याआधी या क्रमाने तपासा

जुन्या जीपची चेसी, भंगारातून आणलेलं डिझेल इंजिन, दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याने केलेला हौदा. अशी घरी जुळवलेली गाडी शेणखत, कांद्याच्या गोण्या, डाळिंबाचे क्रेट वाहायला उपयोगी पडते. जिथं पिकअप रुततो तिथूनही ती निघते. पण या गाडीचं एक दुखणं मालकाला हमखास घाबरवतं. ओढ्यातून वर चढताना, नाहीतर दिवसभर चालून इंजिन तापल्यावर समोरचा लाल दिवा लागतो, किंवा ऑइल प्रेशरच्या मीटरचा काटा शून्यावर येतो.

अशा वेळी दोन चुका होतात. पहिली, "एवढी खेप टाकून येऊ, मग बघू." दुसरी, दिवा लागला म्हणजे इंजिन गेलंच असं धरून गाडी थेट इंजिनकामाला देणं. पहिल्या चुकीत काही मिनिटांत क्रँक खराब होऊ शकतो. दुसऱ्या चुकीत एखाद्या साध्या स्विचच्या किंवा वायरच्या दोषापायी पूर्ण इंजिनकामाचा खर्च बसतो आणि ऐन हंगामात गाडी उभी राहते. दोन्ही टाळता येतात. त्यासाठी लागतं एक खरं प्रेशर मीटर, थोडा धीर आणि तपासणीचा क्रम. हीच पद्धत जुन्या ट्रॅक्टरच्या आणि जीपच्या इंजिनालाही चालते.

आधी इंजिन बंद

दिवा लागला किंवा काटा पडला की रेस सोडून गाडी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावं. जुन्या डिझेल इंजिनाला बंद करायची वेगळी दोरी असते, ती ओढावी. चढावर असाल तर हँडब्रेक, गिअर आणि टायरखाली दगड, तिन्ही करावं. इंजिन तापलं असेल तर काही जण ते स्लोला चालू ठेवून थंड करतात. ऑइल प्रेशर गेलं असेल तर तो नियम लावू नये. इथं चालू इंजिनाचा प्रत्येक फेरा नुकसानीचा आहे.

कारण सोपं आहे. फिरणारा क्रँक आणि त्याच्या बेरिंगा एकमेकींवर घासत नाहीत. मध्ये केसापेक्षाही बारीक असा ऑइलचा थर असतो आणि सगळा भार तो थर पेलतो. ऑइल येणं थांबलं की थर तुटतो, बेरिंगचा मऊ धातू तापून क्रँकला चिकटतो, बेरिंग जागेवर फिरते आणि क्रँकवर चरे पडतात. त्यानंतरही इंजिन चालवलं तर ते जाम होतं, कधी कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोही लवकर जातो.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. दिव्याचा स्विच बहुतेक इंजिनांत प्रेशर साधारण 0.3 ते 0.5 किलोपर्यंत उतरल्यावरच दिवा लावतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा प्रेशर जवळजवळ संपलेलं असतं. (या लेखात 'किलो' म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलो. 1 किलो म्हणजे साधारण 14 पीएसआय.)

ठिबकवरून समजून घ्या

ऑइल पंप प्रेशर तयार करतो असं आपण म्हणतो, पण पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते पुढे वाट अरुंद असल्यामुळे. ठिबकचं तसंच आहे. मोटर पाणी ढकलते, पुढे ड्रिपरची छिद्रं बारीक असतात म्हणून लाइनमध्ये प्रेशर राहतं. चार नळ्यांची टोकं उघडी सोडली तर मोटर तीच, विहीर तीच, तरी काटा खाली येतो.

इंजिनाची जोडणी ठिबकशी अशी जुळते:

- विहिरीतलं पाणी म्हणजे चेंबरमधलं ऑइल.
- फुटव्हॉल्व्हची जाळी म्हणजे चेंबरमधला स्ट्रेनर.
- सक्शन पाइप म्हणजे स्ट्रेनरपासून पंपापर्यंतची नळी.
- मोटर-पंप म्हणजे ऑइल पंप.
- बायपास व्हॉल्व्ह म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह. जास्तीचं ऑइल तो परत चेंबरमध्ये सोडतो.
- फिल्टर म्हणजे ऑइल फिल्टर.
- मेन लाइन म्हणजे ब्लॉकमधली ऑइलची मुख्य वाट, तिला गॅलरी म्हणतात.
- ड्रिपर म्हणजे क्रँक आणि बेरिंग यांच्यातली फट.

आता प्रेशर का जातं याची यादी आपोआप तयार होते. विहीर आटली, जाळी तुंबली, सक्शनने हवा घेतली, पंप झिजला, बायपास उघडा राहिला, फिल्टर चोक झाला, लाइन फुटली, नाहीतर ड्रिपरची छिद्रं मोठी झाली. यात आणखी एक कारण धरायचं: प्रेशर ठीक आहे, पण दिवा किंवा मीटर खोटं सांगतंय.

तपासताना सुरुवात स्वस्त आणि वरच्यावर दिसणाऱ्या गोष्टीपासून करायची. चेंबर खोलणं त्यानंतर, आणि क्रँकला हात लावणं सगळ्यात शेवटी.

पहिली तपासणी: पट्टी, बोट आणि नाक

गाडी सपाट जागेवर घ्यावी. इंजिन चालू न करता ढकलून किंवा ओढून आणावी. निदान दहा मिनिटं थांबावं, म्हणजे वर गेलेलं ऑइल चेंबरमध्ये उतरतं. मग पट्टी काढून पुसावी, परत घालावी आणि ऑइल कुठपर्यंत आहे ते बघावं.

ऑइल कमी असेल तर गाडीखाली बघावं. चेंबरचा बोळा, फिल्टरचं पॅकिंग, क्रँकचं सील, व्हॉल्व्ह कव्हर, बाहेरून नेलेली नळी, कुठून गळतंय ते शोधावं. गळती कुठंच नसेल आणि धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल खातंय. ऑइल खुणेपर्यंत भरून एवढ्यावरच थांबू नये. कमी ऑइलवर इंजिन किती वेळ चाललं ते माहीत नसतं, त्यामुळे पुढची मीटरची तपासणी करावीच.

ऑइल खुणेच्या वर गेलं असेल तर तो जास्त गंभीर इशारा आहे. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात काहीतरी मिसळलेलं असतं. थेंब बोटावर घेऊन चोळावा, वास घ्यावा. पातळ लागलं आणि डिझेलचा वास आला तर डिझेल पंपाचं सील, डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपाचा पडदा किंवा एखादा गळका नोझल बघावा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर रेडिएटरचं पाणी आत येतंय. हेड गॅसकेट, लायनरच्या रबरी रिंगा किंवा फुटलेला ऑइल कूलर ही त्याची नेहमीची कारणं. अशा ऑइलवर इंजिन चालू करून बघूही नये. आधी कारण काढावं, मग ऑइल आणि फिल्टर बदलावा.

ऑइल नुसतं काळं झालं म्हणून घाबरू नये. डिझेल इंजिनात नवं ऑइल काजळीने लवकर काळं पडतंच.

दुसरी तपासणी: दिवा खरं बोलतोय का?

साध्या स्विचला एकच वायर असते. प्रेशर नसलं की स्विच आतून वायरला इंजिनाच्या बॉडीशी, म्हणजे अर्थशी जोडतो आणि दिवा लागतो. प्रेशर आलं की तो जोड तुटतो आणि दिवा विझतो. यावरून दोन सोप्या तपासण्या निघतात. दोन्ही इंजिन बंद ठेवून, फक्त किल्ली 'ऑन' करून करायच्या.

1. किल्ली दिली की दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब गेलाय, वायर तुटलीय किंवा कुणीतरी काढून टाकलीय. असा दिवा कधीच इशारा देणार नाही. 'दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक' हा समज इथंच महागात पडतो.

2. आता स्विचची वायर काढून बॉडीला न लागता हवेत धरावी. दिवा विझला तर वायरिंग ठीक. तसाच लागून राहिला तर वायर कुठंतरी कापली जाऊन चेसीला लागतेय. जुळवलेल्या गाडीत वायर सायलेन्सरजवळून किंवा पत्र्याच्या धारेवरून नेलेली असते, तिथं ती हमखास सापडते.

काट्याचं इलेक्ट्रिक मीटर असेल तर आणखी एक गोष्ट बघावी. मीटर आणि इंजिनावरचा सेंडर एकमेकांच्या जोडीचे लागतात. एका गाडीचं मीटर आणि दुसऱ्या गाडीचा सेंडर जोडला तर काटा हलतो, पण आकडा चुकीचा दाखवतो. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप फार गुंडाळली तरी अर्थ नीट मिळत नाही आणि काटा नाचतो.

तिसरी तपासणी: नळीचं खरं मीटर

सगळ्या तपासणीचा कणा हाच आहे. स्विच काढून त्याच जागी थेट ऑइलवर चालणारं मेकॅनिकल मीटर लावायचं. बऱ्याच गॅरेजमध्ये ते असतं, स्पेअर पार्टच्या दुकानातही मिळतं.

मीटर 0 ते 7 किंवा 0 ते 10 किलोचं असावं. फवारणी पंपाचं मीटर वापरू नये. ते मोठ्या दाबासाठी असतं, त्यावर एक-दोन किलो धड दिसत नाही. ठिबकचं मीटर आणि साधी प्लास्टिक नळीही नको. गरम ऑइलने नळी मऊ पडून सुटते आणि अंगावर उडालेलं ऑइल भाजतं. नळी ऑइलची, पक्क्या जोडाची हवी. ती पंख्यापासून आणि सायलेन्सरपासून लांब बांधावी. स्विचचे आटे सगळ्या इंजिनांत सारखे नसतात. जुना स्विच दुकानात नेऊन त्याच आट्याचा जोड आणावा. बळजबरीने दुसरा आटा बसवला तर ब्लॉकचे आटे जातात.

इंजिन चालू केल्यावर काही सेकंदांत काटा वर यायला हवा. आला नाही तर लगेच बंद करावं. आला तर तीन आकडे लिहून घ्यावेत: थंड इंजिनाला स्लोवर, गरम झाल्यावर स्लोवर, आणि गरम असताना रेस दिल्यावर. इंजिन नीट गरम होऊ द्यावं. थंड ऑइल घट्ट असतं, त्यामुळे झिजलेलं इंजिनही सकाळी चांगलं प्रेशर दाखवतं.

किती हवं? त्या इंजिनाच्या कंपनीच्या पुस्तकातला आकडा अंतिम. तो हाताशी नसेल तर मेकॅनिक एक ढोबळ हिशेब धरतात: गरम इंजिनाला दर 1,000 फेऱ्यांमागे साधारण 10 पीएसआय, म्हणजे 0.7 किलो. त्या हिशेबाने 2,000 फेऱ्यांवर 1.4 किलो तरी दिसायला हवं. चांगल्या इंजिनात याहून जास्तच असतं.

मीटरने प्रेशर बरोबर दाखवलं आणि पट्टीवर ऑइलही ठीक असेल, तर दोष स्विचचा. नवा स्विच लावावा, काम संपलं.

काटा काय सांगतो?

प्रेशर खरंच कमी असेल तर ते कधी आणि कसं पडतं यावरून दोषाची जागा जवळपास कळते.

- *थंड असताना चांगलं, गरम झाल्यावर स्लोला पडतं, रेस दिली की वाढतं:* ऑइल पातळ झालंय किंवा चुकीच्या ग्रेडचं आहे. नाहीतर बेरिंग किंवा पंप झिजलाय.
- *चढावर, उतारावर किंवा वळणावर पडतं, सपाटीला परत येतं:* ऑइल कमी आहे किंवा स्ट्रेनर उघडा पडून हवा ओढतोय.
- *स्लोला बरं, पण जास्त रेसला काटा खाली येतो किंवा थरथरतो:* स्ट्रेनर तुंबलाय, सक्शन नळी हवा घेतेय किंवा ऑइलला फेस येतोय.
- *रेस वाढवली तरी काटा एका कमी आकड्याच्या वर जात नाही:* रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा त्याची स्प्रिंग मेली आहे.
- *चालता चालता एकदम शून्य:* पंपाला फिरवणारा गिअर किंवा दांडा तुटलाय, सक्शन नळी निखळलीय किंवा बाहेरची नळी फुटून ऑइल सांडलंय.
- *सकाळी चालू केल्यावर बराच वेळ येत नाही, मग ठीक राहतं:* फिल्टरमधलं ऑइल रात्रीतून खाली उतरतंय. फिल्टरच्या आतली रबरी झडप बघावी, म्हणजे योग्य फिल्टर लावावा.

यासोबत कान द्यावा. रेस देताना खालून ठक-ठक असा जड आवाज येत असेल आणि प्रेशरही कमी असेल, तर बेरिंगला धक्का लागलेला आहे. तिथं पुढचे प्रयोग थांबवावेत.

चौथी तपासणी: ऑइल आणि फिल्टर

आवाज नसेल तर चेंबर खोलण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदलून बघावा. इंजिनाला सांगितलेल्या ग्रेडचंच डिझेल इंजिनाचं ऑइल घालावं. डब्यावर 15डब्ल्यू-40 असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो आणि दुसरा गरम झाल्यावर ते किती घट्ट राहतं ते सांगतो. 40 च्या जागी 30 घातलं तर गरम झाल्यावर प्रेशर कमी दिसणारच.

जुनं ऑइल गरम असतानाच, पण हात न भाजेल इतपत निवल्यावर सोडावं. ते मलमलच्या फडक्यातून गाळावं. फिल्टर कापून त्याचा कागद पसरून उन्हात बघावा. ही दहा मिनिटं पुढचा निर्णय सोपा करतात. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, म्हणजे गिअर, पंप किंवा क्रँकचे. चुंबकाला न चिकटणारी चंदेरी चकाकी बेरिंगच्या वरच्या थराची किंवा पिस्टनच्या ॲल्युमिनियमची. तांब्यासारखा रंग दिसला तर बेरिंगचा वरचा थर संपून खालचा धातू निघतोय. मग नवं ऑइल घालून गाडी चालवण्यात अर्थ नाही.

फिल्टर बसवताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते बघावं. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर प्रेशर आल्यावर मधून ऑइलची पिचकारी उडते आणि चेंबर थोड्याच वेळात रिकामं होतं.

पाचवी तपासणी: रिलीफ व्हॉल्व्ह

काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह बाहेरून एका मोठ्या नटाखाली असतो, काहींत पंपावर. बाहेरून असेल तर चेंबर न काढता काम होतं. नट, स्प्रिंग आणि आतली गोळी किंवा दट्ट्या क्रमाने काढावा. कचऱ्याचा एखादा कण अडकून दट्ट्या उघडा राहिला तरी ऑइल परत चेंबरमध्ये जातं. दट्ट्यावर ओरखडे नसावेत, तो आपल्या जागेत बोटाने सहज सरकावा, स्प्रिंग वाकलेली किंवा आखडलेली नसावी.

स्प्रिंगखाली वायसर घालून प्रेशर 'वाढवायचा' उपाय काही जण सुचवतात. बेरिंग झिजल्या असतील तर त्याने गरम इंजिनाचं प्रेशर वाढत नाही. उलट थंड इंजिनात प्रेशर फार चढून फिल्टर फुटण्याची भीती असते.

सहावी तपासणी: चेंबर उतरवून

इथपर्यंत दोष सापडला नाही तरच चेंबर उतरवावं. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जाऊ नये. चेसीखाली घोड्या किंवा मजबूत लाकडी ठोकळे लावावेत.

चेंबरच्या तळाला गाळ किती आहे, स्ट्रेनरच्या जाळीत काय अडकलंय ते बघावं. बऱ्याचदा तिथं सापडतो तो गॅसकेटला लावलेल्या सिलिकॉनचा चुरा. जास्त सिलिकॉन लावलं की ते कडेने आत फुगतं, सुटतं आणि जाळीवर जाऊन बसतं. म्हणून ते पातळ रेघेइतकंच लावावं.

मग सक्शन नळी बघावी. तिच्या जोडाचं पॅकिंग किंवा रबरी रिंग, नळीला बारीक चीर, ढिले बोल्ट. विहिरीच्या सक्शनला सुईएवढं भोक पडलं तरी मोटर पाणी सोडते, तसंच इथं होतं. बाहेर ऑइल गळत नाही, पण पंप हवा ओढतो.

पंप खोलून त्याचे गिअर आणि झाकण बघावं. झाकणावर गिअरने खोल गोल चर पाडला असेल, तर ऑइल तिथूनच मागे फिरतं. पंपात गेलेला एखादा कण बाहेरून दिसत नाही, म्हणून गिअर हाताने फिरवून बघावेत.

शेवटी बेरिंग

वरचं सगळं ठीक निघालं तर 'ड्रिपरची छिद्रं मोठी झाली', म्हणजे बेरिंगांची फट वाढली. मेन, कनेक्टिंग आणि कॅमशाफ्टचे बुश तिन्ही बघावे लागतात. कॅमचे बुश विसरले जातात आणि नव्या बेरिंगा टाकूनही प्रेशर कमीच राहतं.

ढोबळ नियम असा: क्रँकच्या गोलाईच्या दर एक इंच व्यासामागे एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, एवढी फट. अडीच इंची जर्नलला साधारण अडीच थाऊ, म्हणजे 0.06 मिलिमीटर. इथंही कंपनीचा आकडा अंतिम. फट मोजायला प्लास्टिगेज नावाची मेणासारखी बारीक दोरी मिळते. ती क्रँकवर ठेवून बेरिंग ठरलेल्या ताणाने कसायची, परत उघडायची आणि दोरी किती चपटी झाली ते पट्टीवर मोजायचं. क्रँक मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय नव्या बेरिंगा आणू नयेत. क्रँक दहाने ग्राइंड झालेला आणि बेरिंगा स्टँडर्ड, असं घडलं तर नव्या इंजिनालाही प्रेशर धरत नाही.

जुळवलेल्या गाडीची खास दुखणी

कंपनीच्या गाडीत न दिसणारे काही दोष घरी केलेल्या गाडीत सापडतात. इंजिन मूळ गाडीत जसं बसलं होतं तसं इथं बसलेलं नसतं, हे त्यांचं मूळ.

*पट्टी दुसऱ्याच इंजिनाची.* पट्टी लांब किंवा आखूड असेल तर खूण खोटी ठरते. चेंबर पूर्ण रिकामं करून, पुस्तकात दिलेलं ऑइल मापून भरावं, इंजिन मिनिटभर चालवून बंद करावं, दहा मिनिटांनी पट्टी बघावी आणि तिथं नवी खूण करावी.

*इंजिन तिरकं बसवलेलं.* गिअरबॉक्स जुळवण्यासाठी इंजिन मागे फार झुकवलं तर ऑइल मागे जमतं. स्ट्रेनर पुढे असेल तर चढावर तो उघडा पडतो.

*चेंबर कापून लहान केलेलं.* पुढचा ॲक्सल लागतो म्हणून चेंबर कापून वेल्डिंग केलं की ऑइल कमी मावतं आणि स्ट्रेनर तळाला टेकतो. स्ट्रेनर आणि तळ यात साधारण 6 ते 10 मिलिमीटर जागा हवी. मातीचा लोंदा घेऊन स्ट्रेनरवर ठेवावा, चेंबर लावून काढावं आणि दबलेल्या मातीची जाडी मोजावी. मग माती पूर्ण पुसून काढावी. दगडावर आपटून चेंबर आत दबलं असेल तरी हेच होतं. चेंबरमध्ये आडवे पत्रे असतील तर ते काढू नयेत, ऑइल एका बाजूला पळू नये म्हणून ते असतात.

*फिल्टर लांब नेलेला.* जागा नाही म्हणून फिल्टर नळ्यांनी दुसरीकडे नेला असेल तर नळ्या उलट जोडल्या नाहीत ना, त्या बारीक किंवा दुमडलेल्या नाहीत ना, ते बघावं. नळ्या दाब आणि गरम ऑइल सोसणाऱ्याच हव्यात.

आणि एक गोष्ट. अशी गाडी शेतापुरती ठेवावी. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीत परवानगीशिवाय मूळ रचना बदलता येत नाही. रस्त्यावर अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न उभा राहतो.

इंजिनकामानंतर पहिल्यांदा चालू करताना

नवं काम करून आणलेल्या इंजिनात प्रेशर येत नसेल तर पंप कोरडा असू शकतो. मोटरमध्ये पाणी भरल्याशिवाय ती उचलत नाही, तसंच. पंप बसवताना त्यात ऑइल भरावं, जमेल तिथं फिल्टरही भरून लावावा. मग इंजिन बंद करायची दोरी ओढून ठेवून, डिझेल बंद ठेवून, सेल्फ थोडा थोडा मारावा. मीटरचा काटा हलला की मगच इंजिन चालू करावं. तरीही काटा हलला नाही तर ब्लॉक धुताना काढलेला गॅलरीचा एखादा बोळा परत लावायचा राहिला आहे का आणि बेरिंगचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलंय का, ते बघावं.

हे करू नका

- दिवा सतत लागतो म्हणून बल्ब किंवा वायर काढू नका.
- 'जास्त बरं' म्हणून खुणेच्या वर ऑइल भरू नका. क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि प्रेशर आणखी पडतं. डिझेल इंजिनात जास्तीचं ऑइल हवेच्या वाटेने आत गेलं तर इंजिन आपोआप रेस घेऊन आवरेनासं होतं.
- ऑइल घट्ट करणारं औषध घालून झिजलेलं इंजिन विकू नका, घेताना फसूही नका. जुनं इंजिन घेताना ते पूर्ण गरम करून मीटरवर प्रेशर बघूनच सौदा करावा.
- सोडलेलं जुनं ऑइल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. कॅनमध्ये साठवून जुनं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाला द्यावं.

मेकॅनिकला काय सांगायचं?

"दिवा लागतोय" एवढंच सांगितलं तर मेकॅनिकला इंजिन खोलण्याशिवाय दुसरा रस्ता सुचत नाही. मोबाईलमध्ये चार गोष्टी लिहून न्याव्यात: पट्टीवर ऑइल किती आणि कसं होतं, वायर काढल्यावर दिवा विझला की नाही, मीटरवरचे तीन आकडे, आणि प्रेशर नेमकं कधी पडतं. फिल्टर कापला असेल तर त्याचा फोटो काढावा.

या चार गोष्टी हातात असल्या की बोलणं अंदाजावर राहत नाही. स्विच बदलायचा, स्ट्रेनर धुवायचा की क्रँक काढायचा, हे पाना लावण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. मीटर लावल्याशिवाय इंजिन खोलायला होकार देऊ नये, आणि मीटर शून्य दाखवत असेल तर एक खेपही मारू नये.